छत्री म्हटलं की थांबायचं

३ मार्च, सोमवार

आजपासून मुके बसवायची नोकरी सुरू.

इतकी वर्षं रंगमंचावरच्या मारामाऱ्या बसवल्या. गालाला हात न लावता थोबाडीत कशी द्यायची, जिन्यावरून गडगडताना हाडं कशी शाबूत ठेवायची, केस धरून फरफटत नेताना खरं तर जिला ओढतात तीच कशी चालत असते, हे सगळं शिकवलं. कुणी कधी नावं ठेवली नाहीत. गेल्या वर्षी जवळिकीचे प्रसंग बसवायचं शिक्षण घेतलं, तर शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटतात.

वास्तविक तत्त्व एकच आहे. प्रत्येक हालचाल आधी ठरवायची, दोघांनी मान्य करायची आणि रोज तशीच करायची. तलवारीच्या मारामारीत कुणी भावनेच्या भरात भलताच वार करत नाही. मुक्याच्या वेळी मात्र सगळ्यांनाच भरात यायचं असतं.

घरी मी आणि मावशी दोघीच. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिचे व्यायाम, तिची औषधं आणि तिचे टोमणे हे माझ्याकडेच असतात. तिला सकाळी सगळं नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि नंतर मैत्रिणीला फोनवर म्हणाली, "काही नाही गं, दुसऱ्यांचे मुके मोजते. पगार बरा आहे."

तालमीची जागा एका गोदामाच्या वर आहे. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून घर आखलंय, मध्ये एक डुगडुगणारं टेबल, त्याच्या एका पायाखाली जुन्या नाटकाच्या तिकिटांची घडी. नाटकात नवरा-बायको बऱ्याच वर्षांनी भेटतात आणि दुसऱ्या अंकात त्या टेबलापाशी एक मुका आहे. त्याच्यासाठी मी.

दिग्दर्शकांना मी नको होते, ते लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "या, या, प्रेमाच्या पोलीस!" म्हणत माझ्या पाठीत असा धपाटा घातला की कपातला चहा बशीत आला. म्हणजे निदान मोकळे तरी आहेत. मनात एक आणि ओठांवर एक असल्यापेक्षा हे बरं.

मला नाटकघराच्या मालकीणबाईंनी नेमलंय, धाकटीच्या अटीवरून. धाकटी म्हणजे नायिका. संचात सगळ्यांत लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणतात. मागच्या नाटकात समोरच्या नटाने भर प्रयोगात ठरलेलं सोडून हवं ते केलं, म्हणून ती ते नाटक सोडून निघून आली. या वेळी तिने आधीच सांगितलं, की कुणीतरी बघायला असेल तर करीन. दिग्दर्शकांनी तेही बोलून दाखवलं, सगळ्यांसमोर. "पंचवीस तारखेला मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन तालीम बघणार आहेत. तोवर तो मुका पेटला पाहिजे. नाही पेटला तर धाकटीच्या जागी मी दुसरी उभी करीन. मला आग हवी, आगपेटीवरच्या सूचना नकोत."

धाकटी जमिनीवरच्या पट्टीचं सुटलेलं टोक बुटाने दाबत होती. ते दाबून झाल्यावरही दाबत राहिली.

५ मार्च, बुधवार

पहिला धडा कुंपणाचा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि आपल्याच अंगावरून आपला हात नेत सांगायचं, इथे चालेल, इथे नको, इथे फक्त कपड्यावरून, इथे आधी विचारून. कारण द्यायचं नाही, समोरच्याने मागायचं नाही. दुसऱ्याच्या कुंपणाबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. आणि काल चाललं म्हणून आज चालेल असं धरायचं नाही.

धाकटीने फार छान केलं. खांदे चालतील, कंबर कपड्यावरून, मान अजिबात नको, केसांत बोटं नकोत, ओठ चालतील पण मिटलेले, आणि आधी नजरेने विचारून. मीही खोदून खोदून विचारलं, उजवा हात की डावा, तळवा की बोटं. जेवणाची सुट्टी होईपर्यंत आम्ही तेच करत होतो.

मग देखण्याकडे वळले. देखणा म्हणजे नायक. त्याचा चेहरा जाहिरातीत मोठा आणि नाटकाचं नाव छोटं छापतात. "तुझं काय रे, तुला सगळं चालतच असेल!" मी म्हटलं. तो हसला. "हो ताई, माझं काय." आणि घड्याळाचा पट्टा सैल करून पुन्हा आवळला. त्याचं तिथल्या तिथे उरकलं. सगळे असे असते तर माझं काम किती सोपं झालं असतं.

मग थांबवायचा शब्द निवडायचा होता. "थांब" आणि "नको" हे दोन्ही नाटकाच्या संवादांत ठिकठिकाणी आहेत, त्यामुळे ते बाद. दिग्दर्शक म्हणाले, "'अग्निशामक' ठेवा." कुणी हसलं नाही. दाराशी कुणाचीतरी विसरलेली काळी छत्री लटकत होती, तिच्याकडे बघून धाकटी म्हणाली, "छत्री."

तेच ठरलं. कुणीही छत्री म्हटलं की खोलीतल्या प्रत्येकाने आहे तिथे थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही.

"मीसुद्धा?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"तुम्हीसुद्धा."

"बरं बाई, छत्री तर छत्री!" आणि पुन्हा पाठीत धपाटा. माणूस हळूहळू निवळतोय असं वाटतं.

ओठांची तयारी होईपर्यंत मुक्याच्या जागी तळव्याला तळवा लावायचा, अशी पद्धत आहे. श्वास, नजर, पावलं सगळं मुक्याचंच, फक्त ओठांऐवजी तळवे. आज दोघांनी करून पाहिलं. पहिलाच दिवस असून वाईट नव्हतं.

८ मार्च, शनिवार

घरात छत्रीचं नाव काढलं ही घोडचूक झाली.

सकाळी मावशीला गुडघ्याचे व्यायाम सांगायला गेले. "पाय उचल." "छत्री." मी थांबले. "अगं, डॉक्टरांनी सांगितलंय..." "छत्री म्हटल्यावर बोलतातही का?" मग कडू औषधाच्या वेळी छत्री. मिठावरून बोलायला लागले तर वाक्याच्या मधोमध छत्री. मी चमचा हातात धरून उभी, आणि ही आरामात बिस्किट खाते आहे.

स्वेटर तिच्या डोक्यातून घालत होते तेव्हाही आतून लोकरीतून आवाज आला, "छत्री." थांबले. मग तिने तो स्वतःच घातला, एकेक बाही शोधत, सावकाश. मला उशीर होत होता. पण नियम माझाच, करते काय!

उजवा खांदा भरून आलाय. माझी उशी फार चपटी झाली असणार. मावशीची घेऊन बघते.

११ मार्च, मंगळवार

तळव्यांचा प्रसंग आता इतका सुरेख होतोय की प्रकाशयोजनेवाल्याने आज दिवा बदलायचा सोडून शिडीवरून पाहिलं. ती टेबलाशी उभी असते, तो समोर. हात वर येतात, मध्ये एक बोटभर अंतर उरतं, आणि तिथे दोघं जरा थांबतात. धाकटी नजरेने विचारते, देखणा पापणीने हो म्हणतो. मग तळवे टेकतात. देखणा त्या वेळी अगदी वेगळाच माणूस वाटतो. जाहिरातीतलं हसू कुठल्या कुठे जातं.

म्हटलं, आता उद्यापासून ओठांवर येऊ. धाकटी म्हणाली, चालेल. देखणा म्हणाला, चालेल चालेल. दोनदा म्हणाला, एवढा उत्साह.

मावशीची उशीही काही कामाची नाही. खांदा तसाच.

१४ मार्च, शुक्रवार

नटांचे नखरे म्हणजे काय, ते या आठवड्यात कळलं. बुधवारी देखण्याचं तोंड आलं. काल त्याला सर्दी झाली, धाकटीला होऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधून संवाद म्हटले. आज तोंड बरं, सर्दी गायब, आणि पठ्ठ्या जेवणात कच्चा कांदा आणि लसूण खाऊन आला. तोही थोडाथोडका नाही. धाकटीने हातभर अंतरावरूनच छत्री म्हटलं आणि मी तिला मनातून शाबासकी दिली.

त्याला बाजूला घेऊन झापलं. "एवढा मोठा नट तू, समोरच्या मुलीचा काही विचार?" तो मान खाली घालून "सॉरी ताई" म्हणाला आणि खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली. म्हणजे गोळ्या खिशातच होत्या! मग कांद्यानंतर खाल्ल्या का नाहीत? नट बेफिकीर असतात ते असे.

दिग्दर्शक लांबून बघत होते. जाताना पाठीवर जोरात थोपटून म्हणाले, "पोलीसबाई, चोर सापडला का?" त्यांना वाटतं, अडवणूक धाकटीची आहे. त्यात आज ती छत्री म्हणाली तीही त्यांच्यादेखतच.

मला स्वतःलाच शंका यायला लागलीय. माझ्या पद्धतीने सगळं सुरक्षित होतं आणि होत काहीच नाही, असं तर नाही ना? मारामारीत निदान शेवटी कुणीतरी पडतं.

१७ मार्च, सोमवार

आज देखण्याच्या दुचाकीचं चाक पंक्चर झालं. तो आला तेव्हा टेबलाच्या प्रसंगाची वेळ टळून गेली होती.

दिग्दर्शकांचा संयम सुटला. गुरुवारी दुसरी नटी येऊन बसणार, त्यांनी फोन करून ठेवलाय. तिला संवाद पाठ करायला सांगितलेत. हे त्यांनी धाकटीला सांगितलं नाही, मला सांगितलं, पण धाकटी तिथेच पाणी पीत उभी होती.

चहाच्या वेळी मी तिला जिन्यात गाठलं. तिच्या भल्यासाठीच. म्हटलं, "बघ, मानेचं कुंपण जरा मागे घेतलंस तर? एक बोटभर. प्रसंगाला तेवढीच ऊब येईल."

तिने कप कठड्यावर ठेवला. "ताई, हे तुम्ही विचारताय की सांगताय?"

"विचारतेय गं."

"दिग्दर्शक साहेबही असंच विचारतात. फक्त मोठ्याने."

मला फार लागलं. म्हटलं, मी तुझ्यासाठी त्या माणसाशी रोज डोकं फोडतेय. ती म्हणाली, "माहितीये. पण मी कुठे अडवलंय? ओठ चालतील हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझी तयारी कधीची आहे."

"मग अडतंय कुठे?"

तिने कठड्यावरचा कप उचलला. "दुसऱ्याच्या कुंपणाबद्दल बोलायचं नाही, असा तुमचा नियम आहे ना?" म्हणाली आणि वर निघून गेली.

वा! शिकवायचं आपण, आणि आपलाच नियम आपल्यावर फेकायचा यांनी. आजकालच्या मुलांशी बोलायची सोय नाही. घरी येईपर्यंत धुसफुसत होते आणि आपली बस सोडून भलत्याच बसमध्ये चढले.

१८ मार्च, मंगळवार

आज तालमीला सुट्टी. खांद्यामुळे हात वर जाईना, केस विंचरता येईनात. मावशी मलमाची ट्यूब घेऊन आली. "लावू का?" म्हणाली, "आणि कुठपर्यंत?" चेष्टा करत होती, पण थांबून राहिली खरी, मी हो म्हणेपर्यंत. मग मी खुर्चीत बसले, ती काठी टेबलाला टेकवून मागे उभी राहिली, आणि मी तिला जिन्यातलं सगळं सांगितलं. मुलगी कशी उद्धट झाली, माझ्याच नियमांच्या आड कशी लपते.

मावशी चोळत चोळत म्हणाली, "आणि त्या पोराला विचारलंस का?"

"कुठल्या पोराला?"

"ज्याच्या तोंडाला रोज नवं काहीतरी होतंय त्याला."

मी म्हटलं, अगं तो देखणा! त्याला काय विचारायचं? बायका त्याच्या प्रयोगाला दोन-दोनदा येतात.

"बायकांना हवं असेल," मावशी म्हणाली. "त्याला हवंय का, ते विचारलंस का?"

मी पाच तारखेचं पान उघडून पाहिलं. लिहिलंय माझ्याच अक्षरात. त्याचं तिथल्या तिथे उरकलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोंड आलं, सर्दी झाली, कांदा, लसूण, पंक्चर! धडधडीत समोर होतं आणि मी त्याला बेफिकीर म्हणत होते. बिचाऱ्याने आता टेबलावर चढून छत्री उघडून बसायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. आणि कळस म्हणजे, नाही म्हणायच्या हक्कासाठी मला पगार मिळतो आणि मी हो म्हणणाऱ्या मुलीला आणखी थोडं हो म्हण म्हणून जिन्यात अडवत होते. कुंपणानेच शेत खाल्लं.

"अगं, इथे चांगलं लाल झालंय," मावशी खांद्याकडे वाकून म्हणाली. "उशीने लाल होतं का कधी?"

होत असेल. उशीचा विषय मला आत्ता नको होता.

१९ मार्च, बुधवार

तालमीआधी देखण्याला कपडेपटाच्या खोलीत गाठलं. तिथे कोटांच्या रांगांमध्ये दोघांपुरतीच जागा आहे. दार उघडंच ठेवलं. म्हटलं, "तुझं कुंपण राहिलं होतं. माझ्याकडून राहिलं. आज सांगतोस?"

तो हसला, तेच जाहिरातीतलं. "माझं काय ताई..."

"तुझंच. मला वेळ आहे."

हसू एकदम गेलं. मग काही वेळ तो एका कोटाचं बटण लावत आणि काढत राहिला. "इतकी नाटकं केली," म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही. सगळे मला पुढे ढकलतात. जा, धर तिला, लाजतोस काय. आणि नंतर येऊन टाळी देतात. मी नाही म्हटलं तर लोक हसतील ना. माझ्यासारख्याने नाही म्हणायचं म्हणजे..."

खरं सांगते, कारण हे पान माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. मलाही ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. मी ते गिळलं.

"ओठ नकोत," तो म्हणाला. "कपाळ चालेल. खांदे, पाठ, सगळं चालेल. तळवे तर मला फार आवडतात. पण ओठ नकोत. कारण असं आहे की..."

"कारण नको," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला कोटांकडे बघावं लागलं. मग म्हणाला, "धाकटीला कळलं होतं. ती काही बोलली नाही, पण ती कांद्याच्या दिवशी छत्री म्हणाली ना, ती माझ्यासाठी म्हणाली. तिला कांदा आवडतो."

आता धाकटीला तोंड कसं दाखवू?

तिची माफी मागितली, जिन्यातच, तिथेच. म्हटलं, मी सांगत होते, विचारत नव्हते. ती म्हणाली, "ठीक आहे ताई." आणि मग म्हणाली, "अर्धा चहा हवा का?" मला नको होता, पण मी हो म्हटलं.

२० मार्च, गुरुवार

दुसरी आली. चांगली मुलगी आहे, कोपऱ्यात संवाद घेऊन संकोचून बसली. मालकीणबाईही आल्या होत्या, बहुधा दिग्दर्शकांनीच निकाल लावायला बोलावलं असणार.

मी आधीच बोलले. "या प्रसंगात मुका नसेल. तळवेच राहतील. हा माझा निर्णय आहे." कुणाचं कुंपण, ते मला सांगता येत नव्हतं. नियम.

दिग्दर्शक मालकीणबाईंकडे वळले. "ऐकलंत? म्हणजे धाकटी तयार नाही. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. दुसरी आलेली आहे, आजपासून..."

धाकटी माझ्याकडे बघत होती. तिने एक शब्द बोलायचा अवकाश, सगळं तिच्यावरून उतरलं असतं. ती बोलली नाही. तिची भूमिका डोळ्यांसमोर चालली होती आणि पोरगी ओठ मिटून उभी. असला कसला नियम केला मी, असं त्या क्षणी वाटलं.

"मी तयार नाही," देखणा म्हणाला.

दिग्दर्शकांना आधी कळलंच नाही कोण बोललं. मग ते हसायला लागले. "तू? अरे, तू? तुझ्या नावावर तर..." आजूबाजूला बघितलं, कुणीतरी सोबत हसेल म्हणून. शिडीवरचा प्रकाशवालासुद्धा हसला नाही. कोपऱ्यातली दुसरी तर हातातले कागद खाली ठेवून देखण्याकडे बघत होती, जसं कुणी नवीनच कळलेल्या गोष्टीकडे बघतं. हसणं एकट्याने फार वेळ चालत नाही. बंद पडलं.

देखण्याचे कान लाल झाले होते, पण तो जागचा हलला नाही. "धाकटीचं काही अडलेलं नाही. ओठ मला नकोत."

मालकीणबाई विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "पंचवीसला तळवेच दाखवा. पाहुण्यांना भिडलं तर धाकटी आणि तळवे दोन्ही राहतील. नाही भिडलं तर दिग्दर्शक म्हणतील तसं." दिग्दर्शक माझ्याजवळ येऊन कानाशी म्हणाले, "दोन माणसांनी नुसता हाताला हात लावला तर प्रेक्षक पैसे परत मागतात, पोलीसबाई," आणि निरोपाचा धपाटा.

उद्या औषधाच्या दुकानात गरम पाण्याची पिशवी बघायला हवी. ही उशी माझा जीव घेणार.

२६ मार्च, बुधवार

कालचे कपडे अजून बदललेले नाहीत. आधी लिहून काढते.

काल मावशीला नाटकघरात नेलं होतं, तिसऱ्या रांगेत, काठीसकट. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. मी पडद्याच्या कडेला उभी होते आणि पहिला अंक मी पाहिलाच नाही, नुसता ऐकला.

दुसरा अंक. टेबल. तिकिटांची घडी कुणीतरी उडवली असावी, कारण ते डुगडुगलं. धाकटीने त्यावर हात ठेवून ते स्थिर केलं, आणि तो हात तिथून वर आला तो थेट त्याच्यासमोर. हे ठरलेलं नव्हतं, पण हात तिचा आणि टेबलही तिचं, तेव्हा चालेल. त्याचा हात वर आला. बोटभर अंतर. आणि तिथे दोघं थांबले.

नेहमी जेवढं थांबतात त्यापेक्षा जास्त. तिने विचारलं, नजरेने. त्याने उत्तर दिलं नाही. मला वाटलं, विसरला. मग त्यानेच विचारलं, भुवई जराशी उचलून, तिला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बसवलेलं नव्हतं. तिने मान हलवली, त्याने पापणी लववली, आणि तळवे टेकले. दोघांचा श्वास एकदम सुटला, तो मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला असेल. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टायची गाठ सैल केली. एक बाई हातातल्या कागदाने वारा घ्यायला लागल्या.

आणि त्या शांततेत माझ्या मावशीची कुजबुज, जी शेजारच्या इमारतीतही कळते, "बाई गं! हे काही लहान मुलांसमोर दाखवण्यासारखं नाही."

सगळं प्रेक्षागृह फुटलं. पण हसून झाल्यावर पुन्हा शांत झालं, आणि ते दोघं तसेच होते. तळव्याला तळवा. पडदा पडेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. मी रडले. पडद्याला डोळे पुसू नयेत, रंग लागतो, हे आता कळलं.

नंतर मागच्या खोलीत चहा होता. मालकीणबाई आल्या आणि धाकटीसमोर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भूमिका हिचीच. आणि ते तळवे तसेच ठेवा, कुणी हात लावू नका." धाकटी एका पायात बूट घातलेला, एक हातात, अशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि बुटासकट हात हलवला. देखणा तोंडात न मावणारं बिस्किट खात होता, आणि मावशी त्याला सांगत होती, की कांदा खाल्ल्यावर बडीशेप चावावी. काय काय सांगून बसले मी हिला!

तेवढ्यात दिग्दर्शक आले. फुललेले. "मी म्हणत नव्हतो? आग! मुका न दाखवता आग! माझ्या डोक्यात हे पहिल्यापासून होतं!" एकेकाला सांगत सांगत ते माझ्यापर्यंत पोहोचले. "आणि आमच्या पोलीसबाई!" म्हणाले, आणि हात वर गेला.

माझा खांदा माझ्याआधी मागे सरला.

मी त्याच्याकडे बघितलं, म्हणजे खांद्याकडे. जसं परक्या माणसाकडे बघावं तसं. हा कधीपासून असा सरकायला शिकला? आणि मग सगळं एका ओळीत उभं राहिलं, बशीत आलेला चहा, अग्निशामक, चोर सापडला का, कानाशी बोलून घातलेला निरोपाचा धपाटा. मावशीचं ते "लाल झालंय". अख्खा महिना मी उश्या बदलत होते.

"छत्री," मी म्हटलं.

मोठ्याने नाही. पण या लोकांचे कान आता तयार आहेत. धाकटीचा बूट हवेत राहिला. देखण्याचं बिस्किट दातांत अडकलं. प्रकाशवाला दारात एक पाय आत, एक बाहेर. मालकीणबाईंना नियम माहीत नव्हता, पण सगळे थांबले म्हणून त्याही वाक्याच्या मधोमध थांबल्या. दुसरी, जी आता नुसती बघायला आली होती, तिने तर श्वासही धरून ठेवला. आणि सगळ्यांच्या मध्ये दिग्दर्शक, हात वर, बोटं फाकलेली.

मावशी तेवढी चहा पीत राहिली. तिच्या घोटाचा आवाज येत होता.

"म्हणजे?" दिग्दर्शक म्हणाले. "काय झालं? मी काय केलं?"

"कारण विचारायचं नाही, साहेब," धाकटी म्हणाली.

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा हाताकडे, जणू तो कुणाचा आहे हेच आठवत नव्हतं. सावकाश तो खाली आला आणि खिशात गेला.

"बरं, छत्री तर छत्री," ते म्हणाले. एवढंच. आणि चहा घ्यायला वळले.

घरी आल्यावर मावशीची उशी मावशीला परत दिली.